लाख सह्या जमल्यावर

इंग्लंडमधल्या लेस्टरला राहणाऱ्या भाचीने या आठवड्यात फोनवर विचारलं, ‘मामा, संसदेच्या ऑनलाइन अर्जावर सही केली, पण काही होतं का त्याने?’ होतं, पण सह्यांच्या ढिगाने होत नाही. ब्रिटनमध्ये १० हजार सह्यांना सरकार उत्तर देतं आणि एक लाख झाल्या की अर्ज चर्चेसाठी विचारात घेतला जातो. ब्रेक्झिट रद्द करा म्हणणाऱ्या अर्जावर ६० लाखांहून जास्त सह्या होत्या. १ एप्रिल २०१९ ला संसदेच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली. सरकार तसूभरही हललं नाही. तिथली चर्चा सरकारला बांधतच नाही, मग कितीही घसा कोरडा करा! याउलट मेंदूतल्या गाठींवरच्या संशोधनाला पैसा मागणारा २०१५ चा अर्ज बघा. सह्या कितीतरी कमी. पण असे अर्ज हाताळणाऱ्या संसदेच्या याचिका समितीने रुग्णांचं, घरच्यांचं, संशोधकांचं म्हणणं नीट ऐकलं, २०१६ मध्ये अहवाल दिला आणि मग खासदार बोलले ते हातात माहिती घेऊन. २०१८ मध्ये या संशोधनासाठी मोठा निधी जाहीर झाला. त्यामागे इतरांचेही कष्ट होते, पण विषय संसदेत रुजवला तो त्या समितीने. आपल्या शेतकरी आंदोलनावरही अशाच अर्जामुळे ८ मार्च २०२१ ला लंडनमध्ये चर्चा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीने ब्रिटिश उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला. याचिका समिती आपल्या लोकसभेतही आहे. तिथे खासदारामार्फत मांडल्या जाणाऱ्या अर्जावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. ती अट काढावी आणि लोकांना थेट समितीसमोर बोलू द्यावं, ही माझी स्पष्ट मागणी आहे.