आंतरजालावरील नभोवाणी आणि ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ

नभोवाणी आंतरजालावर आली याचा आनंद मानावा, असे आम्हांला गेली काही वर्षे सांगितले जात आहे. जिल्ह्याचे केंद्र आता जगात कोठेही ऐकता येते, हा त्या आनंदाचा आधार. आमचे म्हणणे निराळे आहे. आवाज सर्वत्र पोहोचला हे खरे. परंतु ज्या गोष्टींमुळे ते केंद्र ‘स्थानिक’ होते, त्या वाटेतच गळून पडतात. आणि जी एक गोष्ट आंतरजालाला सहज देता आली असती, ती म्हणजे झालेल्या कार्यक्रमाचे जतन, तीच मिळत नाही. ही तक्रार तंत्रज्ञांपुढे न मांडता साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे का मांडतो आहोत, ते पुढे स्पष्ट होईल.

आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र १९८४ साली तमिळनाडूत नागरकोविल येथे सुरू झाले. पुढे महाराष्ट्रातही सातारा, सोलापूर, बीड, नांदेड, चंद्रपूर, यवतमाळ अशा ठिकाणी केंद्रे आली. मोठ्या केंद्राला जे सांगता येत नाही ते यांनी सांगावे, अशी त्यामागील कल्पना होती: तालुक्याच्या बाजारसमितीतील भाव, धरणातील पाणी, यात्रेचा दिवस, आणि हे सारे त्या भागातील माणसांच्या बोलीत. म्हणजे ‘स्थानिक’ या शब्दात वेळ, जागा आणि बोली या तिन्ही गोष्टी गृहीत होत्या.

प्रथम वेळ. आंतरजालावर आवाज सरळ येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे होतात, ते सर्व्हरवर ठेवले जातात, आणि आपल्या यंत्रात पुरेसे तुकडे जमले की मगच ते वाजू लागते. निवेदकाने ‘सात वाजले’ म्हणावे आणि आपण ते ऐकावे तोवर पुष्कळदा अर्धे मिनिट उलटून गेलेले असते. एकाच घरातील दोन दूरध्वनी दोन निरनिराळ्या क्षणी सात वाजवतात. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण घड्याळ लावण्यासाठी नभोवाणी ऐकणाऱ्यांचा हा देश आहे. एका गावाने एक वाक्य एकाच क्षणी ऐकणे हा त्या माध्यमाचा प्राण होता. परदेशस्थ मराठी श्रोत्यांची गोष्ट आणखी विचित्र. येथील सकाळच्या सहाची भक्तिगीते उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्री साडेआठला पोहोचतात. पृथ्वी गोल असण्याचा दोष कोणालाच देता येत नाही. मात्र तीच गीते त्या श्रोत्याला त्याच्या सकाळी ऐकण्याची सोय नसावी, हा दोष निश्चितच माणसांचा आहे.

आता जागा. केंद्राचा मनोरा घरापासून दहा किलोमीटरांवर असावा, आणि त्याचा आवाज मात्र दूरच्या कोठल्यातरी शहरातील सर्व्हरला वळसा घालून, आपल्या डेटाचे पैसे घेऊन यावा, याला प्रगती कसे म्हणावे? अनेक मोबाइल संचांत एफएम ग्रहण करू शकणारा भाग असतो, पण तो बंद ठेवलेला असतो. ही सोय चालू ठेवावी, असे केंद्र सरकारला २०२३ साली उत्पादकांना सांगावे लागले. शिवाय कानात घालायची वायर हीच त्या ग्रहणाची अँटेना. ती जोडण्याचे छिद्रच आता पुष्कळ संचांतून नाहीसे झाले आहे. प्रक्षेपकाला श्रोता एक असो वा एक लाख, खर्च तोच. आंतरजालावर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो. गर्दी वाढली की तो अडखळतो. म्हणजे ज्या दिवशी सर्वांना एकदम ऐकायचे असते, नेमक्या त्याच दिवशी त्याची शाश्वती सर्वांत कमी.

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला महापूर आला तेव्हा वीज गेली होती आणि मोबाइलचा संपर्कही तुटला होता. अशा रात्री उपयोगी पडते ते दोन सेलांवर चालणारे यंत्र आणि त्याला आवाज पुरवणारा प्रक्षेपक. देशातील अनेक जुने मध्यमलहरी प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बंद झाले आहेत. ते जुने होते, वीज खात होते, हे सर्व मान्य. परंतु ‘आता आंतरजालावर ऐकू येतेच की’ हे उत्तर जेव्हा जेव्हा पुढे केले जाते, तेव्हा ते सोय म्हणून दिले जात आहे की माघारीचे निमित्त म्हणून, हे विचारण्याचा अधिकार आपण सोडू नये.

आणि आता साहित्य. मर्ढेकर आकाशवाणीत अधिकारी होते. त्यांच्या संगीतिका या माध्यमासाठीच लिहिल्या गेल्या. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम कित्येक वर्षे केले. बोरकर पुणे आणि पणजी केंद्रांवर होते. गीतरामायण १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून आठवड्याला एक गीत याप्रमाणे निघाले. ते आज आपल्यापाशी आहे, कारण त्याचे पुस्तक झाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि सुधीर फडके ते गावोगाव गात राहिले. ज्या भाषणाला, श्रुतिकेला, मुलाखतीला असे भाग्य लाभले नाही, तिचे काय? आम्ही ‘श्रुतिका’ हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवतो. तो विद्यार्थ्यांना ऐकवायचा म्हटले तर पुष्कळदा छापील संहितेवरच भागवावे लागते. कादंबरी न वाचता कादंबरी शिकवावी, तसाच हा प्रकार.

हे केवळ गतकाळापुरते नाही. आमच्यापैकी काहीजण गावापासून दूर अध्यापन करतात. त्यांतील एकाने एका जिल्हा केंद्रावर बोलीभाषेतील शेतीविषयक शब्दांवरचे भाषण ऐकण्याचा प्रयत्न केला. निम्म्यावर प्रवाह तुटला; पुन्हा जोडला तोवर चित्रपटगीत लागले होते. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा ते भाषण पुन्हा ऐकण्याचा काहीच मार्ग नाही, असे उत्तर मिळाले. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी यांचा अभ्यास करणाऱ्यांना याहून मोलाची सामग्री कोठे मिळणार?

यावर हक्कांचा मुद्दा काढला जाईल. तो खोटा नाही. प्रतिमुद्राधिकार कायद्यात २०१२ साली आलेल्या ३१ड या कलमाची सवलत रेडिओ व दूरचित्रवाणीपुरती आहे, आंतरजालाला ती लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केले. पण हा अडसर प्रामुख्याने गाण्यांचा आहे. भाषणे, मुलाखती, लोककथन, स्थानिक श्रुतिका यांचे हक्क वक्त्याशी वा लेखकाशी करार करतानाच मागून घेता येतात. गाणी वगळा आणि माणसांचे बोलणे ठेवा, एवढेच आमचे मागणे आहे.

तेव्हा मागण्या तीनच. स्थानिक केंद्राचा बोललेला कार्यक्रम निदान एक वर्ष पुन्हा ऐकता यावा, आणि त्यावर तारीख, विषय व वक्त्याचे नाव असावे. ज्या भागात आंतरजाल भरवशाचे नाही तेथील प्रक्षेपक आंतरजालाच्या नावाने बंद करू नये. आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आपल्या जिल्ह्यातील केंद्राशी करार करून हे ध्वनिमुद्रण आपल्या ग्रंथालयात घ्यावे. तिसरी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. आणि तिच्यासाठी कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.