मातीची घडण आणि आपले अहवाल

नॉर्वेतल्या रिस्सा इथे १९७८ मध्ये गोठ्याच्या बांधकामासाठी खणलेली सुमारे ७०० घनमीटर माती तळ्याच्या काठी टाकण्यात आली. तेवढा भार निमित्त झाला आणि २९ एप्रिलला ३३ हेक्टर जमीन तळ्याकडे वाहत गेली. तोवर हीच जमीन शेते आणि घरे पेलत होती. खाऱ्या पाण्यात साचताना या चिकणमातीचे कण पोकळ रचनेत एकमेकांना धरून बसले होते. पुढे जमीन समुद्रातून वर आली, गोड्या पाण्याने हजारो वर्षांत मीठ धुऊन नेले, रचना मात्र तशीच राहिली. अशा मातीत लिक्विड लिमिटहून, म्हणजे कालवलेली माती ज्या प्रमाणाला वाहू लागते त्याहून, जास्त पाणी असते, तरी ती उभी राहते. एकदा मोडली की पातळ होते. त्या क्षणी तिची खनिजे, कणांचे आकार, पाण्याचे प्रमाण यांतले काहीही बदललेले नसते. मोडते ती फक्त घडण, आणि आपल्या बहुतेक माती परीक्षण अहवालांत नेमकी तिचीच नोंद नसते.

लिक्विड लिमिटसाठी आपण माती वाळवतो, फोडतो, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळतो आणि पाण्यात कालवतो. वर्गीकरणासाठी हे योग्यच आहे, पण त्या आकड्यावरून जमिनीचे वर्तन ठरवणे धोक्याचे. केनियातल्या ससुमुआ धरणाच्या मातीबद्दल टर्झागी यांनी १९५८ मध्ये लिहिले, ते आजही वाचावे असे आहे. निर्देशांकांवरून वाईट ठरणारी ती माती बांधकामात उत्तम वागली, कारण तिचे सूक्ष्म कण लोहाच्या ऑक्साइडने बांधलेल्या घट्ट पुंजक्यांत होते. कोकणात जांभ्याच्या प्रदेशात काम करणाऱ्यांना हे जवळचे वाटावे: तिथेही लोहाची बांधणी आहे, आणि अशा माती ओव्हनमध्ये वाळवल्या की त्यांचे निर्देशांक बदलू शकतात.

यावर नेहमीचे उत्तर असे, की घडण धरली नाही तर ताकद कमीच धरली जाते, म्हणजे आपण सुरक्षित बाजूला राहतो. बांधणी असलेल्या मातीत हे बऱ्याचदा खरे आहे. तिथे नुकसान होते ते पैशाचे. काळ्या मातीत मात्र हा हिशेब उलटतो. तिच्यात भेगा असतात, आतून गुळगुळीत घासलेली पृष्ठे असतात. ३८ मिलिमीटरचा नमुना बहुधा दोन भेगांमधल्या अखंड ढेकळाचा निघतो, आणि मिळते ती ढेकळाची ताकद, उताराची नव्हे. लंडन क्लेमधल्या घसरलेल्या उतारांचा अभ्यास करून स्केम्प्टन यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात हा फरक मांडला होता. कालव्याची खोल कापणी करताना घडण विसरणे ही सुरक्षित बाजू नाहीच.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो पोकळ नाही. मुरमावरच्या दुमजली घराला अविस्कळीत नमुन्यांची चैन कशाला? पण खाडीकाठच्या मऊ सागरी चिकणमातीवर भराव घालायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यात रेतीचे वा गाळाचे बोटभरही जाडी नसलेले पदर असले, तर पाणी आडवे झपाट्याने निघते आणि खचणे लवकर उरकते. रो यांनी १९७२ मध्ये हेच दाखवून मोठ्या नमुन्यांचा आग्रह धरला. पदर असलेल्या जागी लहान नमुन्यावरून पाणी काढणारे उभे ड्रेन ठरवले, तर ते गरजेपेक्षा दाट पडतात, शिवाय ते ठोकताना पदर चिखलाने लिंपले जातात. नमुना काढतानाच घडण थोडी मोडते, मग उपयोग काय, असेही विचारले जाते. म्हणून तर मऊ मातीत जागेवरच ताकद मोजणारा फील्ड व्हेन हवा आणि शक्य तिथे खड्ड्यातून कापलेला ठोकळा हवा. किमान एका नळीतला नमुना उभा चिरून अर्धवट वाळू द्यावा. पदर रंगाने वेगळे दिसू लागतात. याला यंत्र लागत नाही. बोअर लॉगमध्ये ‘काळी चिकणमाती, घट्ट’ एवढ्यावर न थांबता भेगांचे अंतर, पदरांची जाडी आणि ढेकूळ पाण्यात टाकल्यावर किती वेळात विरघळले, हे लिहायला दोन ओळी पुरतात, आणि त्या लिहिलेल्या नसतील तर अहवाल स्वीकारू नये.