देहाचे दप्तर

पायात काटा रुतून जखम चिघळली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ यावी, चालताना पाय ओढत न्यावा लागावा, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने ती गाठ दोन बोटांनी चाचपून, 'अवधाण आलंय, जखम भरली की जाईल,' असा निर्वाळा देऊन पुन्हा चुलीकडे वळावे, हा अनुभव ज्यांचे बालपण अनवाणी गेले त्यांना नवा नाही. तिचे निदान बिनचूक असे; जखम तळपायाला असताना गाठ जांघेत का यावी, एवढे मात्र ती सांगू शकत नसे. आज आपल्याला ठाऊक आहे, की तळपायातून घुसलेल्या जंतूंची वर्दी जांघेतील लसिकाग्रंथीच्या चौकीवर पोहोचते; तेथे जमलेल्या असंख्य पांढऱ्या पेशींतून त्या जंतूच्या आकृतीशी जुळणारी एखादीच पेशी हुडकली जाते, तिच्यासारख्या हजारो पेशी निपजतात, आणि ही सारी लगबग आपल्याला बाहेरून दुखऱ्या गाठीच्या रूपाने जाणवते.

या व्यवस्थेला आपण 'रोगप्रतिकारशक्ती' म्हणतो, आणि माझ्या मते अर्धा घोटाळा या शब्दातील 'शक्ती'नेच केला आहे. शक्ती म्हटली की ती वाढवता येते, विकत घेता येते, काढ्यातून नि चूर्णातून पोटात ढकलता येते, असा समज होणे स्वाभाविक आहे, आणि या समजावर आज मोठा बाजार उभा आहे. सकस अन्न, पुरेशी झोप आणि स्वच्छ पाणी यांचे महत्त्व कोणी नाकारत नाही. परंतु प्रतिकार जितका प्रखर तितका चांगला हे खरे असते, तर १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने ऐन विशी-तिशीतील धडधाकट माणसे इतक्या मोठ्या संख्येने नेली नसती, आणि स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडणारा संधिवात कोणाच्या वाट्याला आला नसता. या व्यवस्थेचे मर्म बळापेक्षा ओळखीत आहे, आणि ओळख टिकते ती स्मृतीच्या आधारावर.

या स्मृतीची साक्ष पाहायची तर १८४६ सालच्या फेरो बेटांकडे जावे लागते. उत्तर अटलांटिक महासागरातील या डॅनिश बेटांवर त्या वर्षी गोवराची साथ आली, आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी सुमारे ६,००० माणसांना तिने गाठले. सरकारने चौकशीसाठी धाडलेला पीटर पानुम हा जेमतेम पंचवीस वर्षांचा वैद्य गावोगाव फिरून टिपणे काढू लागला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की काही वृद्ध मंडळी या साथीतून साफ सुटली आहेत. बेटांवर यापूर्वीची साथ १७८१ साली, म्हणजे पासष्ट वर्षांमागे येऊन गेली होती. आणि त्या वेळी बालपणी गोवर येऊन गेलेल्या ज्या अठ्ठ्याण्णव वृद्धांची नोंद पानुमने केली, त्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधल्या पासष्ट वर्षांत त्या बेटांना गोवराचे दर्शन घडले नव्हते, आणि वार्धक्याने त्या देहांची ताकद तर कधीच ओसरली होती. तरी लहानपणीच्या त्या वैऱ्याचा चेहरामोहरा त्यांच्या शरीराने जपून ठेवला होता.

स्मृतीचे हे दप्तर कसे चालते, ते १९५७ साली मॅकफार्लन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने मांडलेल्या सिद्धान्ताने उलगडले. जंतू आल्यावर शरीर त्याच्या मापाचे हत्यार घडवत बसत नाही. निरनिराळ्या मापांच्या पेशी आधीपासूनच रक्तात फिरत असतात, आणि आगंतुक जंतू त्यांतील आपल्याशी जुळणारी जणू स्वतःच निवडतो. निवडलेल्या पेशीची संतती वाढून तिने पुरेशी प्रतिपिंडे निर्माण करावीत, यात पहिल्या खेपेस आठवडा-दीड आठवडा सहज जातो, आणि दुर्बळ मुलाच्या बाबतीत हाच विलंब प्राणावर बेततो. लढाई संपल्यावर बहुतेक फौज बरखास्त होते. थोड्या स्मृतिपेशी तेवढ्या कायमच्या चाकरीत राहतात, आणि तोच जंतू पुन्हा वेशीवर आला, की जुना कागद काढून दोन-तीन दिवसांतच त्याचा बंदोबस्त करतात.

आता ज्या गोवराने ही स्मृती पानुमला दाखवून दिली, त्याचीच दुसरी करणी पाहा. हा विषाणू नेमका स्मृतिपेशींतच घुसून त्यांचा नाश करतो. कचेरीवर दरोडा घालणाऱ्याने तिजोरीबरोबर दप्तरखान्यालाही आग लावावी, तसा हा प्रकार आहे. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासणी करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की इतर रोगांविरुद्ध त्या मुलांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. पुरळ मावळते, ताप उतरतो, आई सुटकेचा निःश्वास टाकते. आणि पूर्वी ओळखीच्या झालेल्या जंतूंपुढे ते मूल पुन्हा अनोळखी होऊन उभे राहते. गोवर एकदा येऊन गेलेला बरा, त्याने मूल घट्ट होते, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा: एका रोगाची नोंद मिळवण्यासाठी अनेक रोगांच्या नोंदी जाळून टाकण्याचा हा सौदा आहे. लसीने मात्र गोवराची नोंद तेवढी होते, आणि बाकीचे दप्तर शाबूत राहते.

रोगाची किंमत न मोजता त्याची नोंद दप्तरी लावणे, एवढेच तर लसीचे काम. ती कल्पना आपल्या मुलखाला परकी नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या गेल्या, आणि हिंदुस्थानातील ती पहिली यशस्वी टोचणी ठरली. दंडावर देवीचे वण वागवणारी पिढी अजून आपल्यात आहे. पुढच्या पिढ्यांना तो वण लागलाच नाही, कारण १९८० साली देवी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले.

लोक लसीला बिचकतात, त्याला केवळ अज्ञान म्हणून मोडीत काढणे मात्र मला मान्य नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर माजघरापर्यंत घुसले, आणि सरकार रोगापेक्षा भयंकर वाटावे अशी पाळी रयतेवर आली. त्याच वर्षीच्या १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी, मारलेल्या प्लेगजंतूंपासून स्वतः तयार केलेली लस आधी आपल्याच अंगात टोचून घेतली होती. एकाच वर्षातल्या या दोन घटनांत आरोग्यखात्याला लागणारा सारा धडा आहे: दंडुक्याने दार उघडते, दंड पुढे येत नाही, तो विश्वासाने येतो, आणि विश्वास बसण्यासाठी कोणीतरी आधी आपला दंड पुढे करावा लागतो.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराने पुन्हा डोके वर काढले आणि बालकांचे बळी घेतले, तेव्हा उणीव लसीची नव्हती; ती मुलांपर्यंत पोहोचण्यात होती. गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो, म्हणून शंभरातील पंच्याण्णव मुले तरी सुरक्षित असल्यावाचून साथ अडत नाही. नवव्या महिन्याच्या टोचणीच्या वेळी आईकडून उसनी मिळालेली प्रतिपिंडे काही बाळांच्या रक्तात शिल्लक असतात, आणि त्यामुळे पहिली नोंद कित्येकांत कच्चीच राहते. ती पक्की करण्यासाठी सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा द्यावी लागते. पहिल्या मात्रेनंतर मूल गुटगुटीत दिसते, कामाच्या रगाड्यात तारीख निघून जाते, आणि घोटाळा होतो तो येथेच. वाचकांना माझी विनंती एवढीच, की घरात दोन वर्षांच्या आतबाहेरचे मूल असेल तर त्याचे लसीकरणाचे कार्ड आज काढून पाहावे. दुसऱ्या मात्रेचा रकाना कोरा असेल, तर मुलाला घेऊन जवळच्या आरोग्यकेंद्रावर जावे. ही लस तेथे मोफत मिळते.