चहाच्या चोथ्यातलं जंगल

कुठल्याही मराठी माणसाला पानिपत विचारून बघा. अर्धा तास तरी सुटका नाही. होळकर का निघून गेले, बाजारबुणगे बरोबर का नेले, भाऊसाहेबांनी काय करायला हवं होतं... तारीखसुद्धा तोंडपाठ, १४ जानेवारी १७६१. आता त्याच माणसाला सांगशाक विचारा. 'हे कुठलं नवीन अ‍ॅप?' हे उत्तर आलं नाही तर माझ्याकडून कॉफी.

सांगशाक हे मणिपूरमधलं, उखरूलकडच्या डोंगरातलं तांगखुल नागांचं गाव. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा चिंदविन नदी ओलांडून इम्फाळ आणि कोहिमाकडे निघाल्या, तेव्हा त्यांच्या वाटेत हे गाव आलं. तिथे ५० वी इंडियन पॅराशूट ब्रिगेड उभी होती. नावात 'इंडियन' होतं ते काही शोभेपुरतं नव्हतं. एक गुरखा पलटण, एक भारतीय पलटण, नेपाळहून आलेल्या तुकड्या, आणि सोबत ४/५ मराठा लाइट इन्फंट्री. हो, आपलीच. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणींतल्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची नावं तुम्ही कदाचित ऐकली असतील, पण ते दोघं लढले इटलीत. सांगशाकचे मराठे कुणाच्याच खिजगणतीत नाहीत. मलाही ते भेटले एका शनिवारी, बावधनच्या एका टू बीएचकेमध्ये, डायनिंग टेबलवर. उंची अठ्ठावीस मिलिमीटर.

तर ही हटके भानगड म्हणजे टेबलटॉप वॉरगेमिंग. सहा बाय चार फुटांचं मैदान, त्यावर रंगवलेले चिमुकले सैनिक, फासे, मोजपट्टी आणि नियमांचं जाडजूड पुस्तक. 'मोठी झालीस तरी बाहुल्याच!' इति आमच्या मातोश्री. पण हा उद्योग पोरांचा नाही. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधी प्रशियाचे अधिकारी नकाशावर ठोकळे सरकवून युद्धाचा रियाझ करत होते. बुद्धिबळाची जन्मभूमी आपली, त्यामुळे आपण तर यावर हक्कच सांगायला हवा.

आमचा होस्ट दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आणि रात्री सैनिक रंगवतो. त्याने केलेलं जंगल बघून मी खरंच थक्क झाले. मत्स्यालयाच्या दुकानातली प्लास्टिकची झाडं, ती चिकटवलेली जुन्या सीडींवर. (त्या सीडींचा अखेर काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.) उंच गवत म्हणजे काथ्याच्या पायपुसण्याचे कापलेले तुकडे. आणि जमिनीवरचा पालापाचोळा म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा! त्याची बायको म्हणाली, 'सहा महिने आमच्याकडे चोथा फेकायला बंदी होती. खिडकीत वाळत असायचा. शेजारच्या काकूंना वाटलं, मी कसलंतरी फेसपॅक करते.'

खेळाचं नाव 'बोल्ट अ‍ॅक्शन'. नियम २०१२ साली इंग्लंडमध्ये छापून आले आणि आता जगभर खेळले जातात. त्याचा फंडा इतका साधा आहे की दहा मिनिटांत कळतो आणि तीन तास छळतो. प्रत्येक तुकडीमागे एक फासा. आमचे हिरवे, जपान्यांचे मरून. सगळे एका पिशवीत. न बघता हात घालायचा आणि एक काढायचा. हिरवा आला तर आमच्यापैकी एक तुकडी हलणार, मरून आला तर त्यांची. 'एकदा तू, एकदा मी' असा शिस्तीचा मामला नाहीच. तुम्ही मनात झकास प्लॅन आखता, आधी ही तुकडी गोळीबार करेल, मग ती पळेल... आणि पिशवीतून लागोपाठ तीन मरून निघतात. प्लॅन गेला उडत.

दुसरी गंमत म्हणजे 'पिन'. तुमच्या तुकडीवर नेम लागला की माणूस मरो न मरो, एक पिन चिकटते. सरावलेल्या तुकडीचं मनोधैर्य नऊ. तीन पिना लागल्या की राहिलं सहा. आता हुकूम द्यायचा तर दोन फासे टाकून सहा किंवा त्याहून कमी पाडा, नाहीतर तुमचे वीर जिथे आहेत तिथेच जमिनीला चिकटून पडणार. कॉम्प्युटर गेममध्ये आपण क्लिक केलं की सैनिक धावतो. इथे धावत नाही, कारण तो घाबरलाय. तीस वेळा व्हिडिओ गेम संपवूनही जे डोक्यात शिरलं नव्हतं ते इथे पहिल्याच डावात शिरलं.

आमचा डाव २६ मार्चच्या रात्रीचा होता. त्याआधीचं होस्टने चहा देता देता सांगितलं. काटेरी तारा नव्हत्या. खंदक खणायला घेतले तर दोन-तीन फुटांवर कातळ. पाणी जवळपास संपलेलं. विमानांतून रसद टाकली जायची, पण लढवायची जागा एवढीशी की बरीचशी पॅराशूटं जपान्यांच्याच पदरात पडायची. टेकाडाच्या एका टोकाला चर्च होतं, त्याच्यासाठी हातघाईची लढाई झाली. अशा अवस्थेत ब्रिगेड तग धरून राहिली. मग २६ तारखेच्या संध्याकाळी इम्फाळहून हुकूम आला: अंधारात बाहेर पडा, जंगलातून मिळेल त्या वाटेने इम्फाळ गाठा.

आमच्याकडे चोवीस माणसं. टेबलाच्या या कडेवरून त्या कडेबाहेर न्यायची, सहा डावांत. हिरव्या बाजूला मी आणि एक चार्टर्ड अकाउंटंट मित्र, समोर होस्ट आणि त्याचा भाऊ. रात्र असल्याने होस्टचा खास नियम, दर वेळी दोन फासे टाकायचे आणि जितके पडतील तितक्या इंचांपर्यंतच दिसणार. पाच पडले तर पाच इंच, त्यापलीकडे सगळा काळोख. शिवाय झाडीतून पळता येत नाही, चालायचंच. जपानी तर सुरुवातीला टेबलावर नव्हतेच! कुठे दडलेत ते होस्टने कागदावर लिहून उशीखाली ठेवलेलं.

पहिले दोन डाव काहीच झालं नाही. आणि ते 'काहीच नाही' भयंकर होतं. समोर प्लास्टिकची झाडं, हे मला माहीत. त्यामागे कुणीही असू शकतं, हेही माहीत. सीए महाशय नेहमी तोंडाचा पट्टा चालू ठेवणारे, ते सुद्धा कुजबुजत बोलायला लागले. तिसऱ्या डावात ओढ्याकाठच्या बांबूतून मशीनगन सुरू झाली आणि एका फटक्यात आमचे तिघे आडवे. मित्राने घाईने मागच्या तुकडीला हुकूम दिला, फासे टाकले, आणि पडले सहा-सहा. या खेळात त्याचा अर्थ पूर्ण गोंधळ. टेबल बघितलं तर कळलं, आमच्याच ब्रेनगनने आमच्याच माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. अंधारात, शत्रू समजून.

पण डाव खरा अडला तो दुसऱ्याच नियमावर. एरवी या खेळात सैनिक मेला की उचलून खोक्यात. टेबल स्वच्छ, विषय संपला. आमच्या होस्टला ते पटत नाही. त्याच्या घरच्या नियमात माणूस पडला की फासा टाकायचा. चार किंवा जास्त आले तर तो जखमी, टेबलावरच आडवा ठेवायचा. त्याला न्यायचं तर दोन माणसं लागणार, आणि त्या तुकडीला पळता येणार नाही. चालत नेऊन बाहेर काढलात तर दुप्पट गुण. मागे ठेवलात तर शून्य.

पाचव्या डावाला माझ्या तुकडीत आठ धडधाकट आणि चार जखमी. हिशेब तिसरीतल्या पोराला येईल असा आहे. चारही उचलले तर आठही हात अडकले, गोळी झाडायला कुणी नाही, आणि चालीच्या वेगाने कड गाठायला दोन डाव. मागे मरून फाशांच्या तीन तुकड्या. 'सगळ्यांना घे,' मित्र म्हणाला. 'सगळे घेतले तर सगळे जातील,' मी म्हणाले. 'मग दोघांना?' 'कुठल्या दोघांना?' यावर तो काही बोलला नाही. अठ्ठावीस मिलिमीटरचं प्लास्टिक आहे हो, मान्य! तरी कुठल्या दोघांना हे बोट दाखवून सांगायला मला जितका वेळ लागला तितका अप्रेझलचा फॉर्म भरायलाही लागत नाही. शेवटी कडेच्या जवळ पडलेले दोघं घेतले. बाकीचे दोघं पायपुसण्याच्या गवतात राहिले. पंधरा जण बाहेर पडले, वर दोन जखमी. गुण मोजले, आम्ही निसटत्या फरकाने जिंकलो. होस्टने टाळी दिली.

मग त्याने सांगितलं की खऱ्या सांगशाकला चालता न येणारे जखमी मागेच ठेवावे लागले होते. ते आधी सांगितलं असतंस तर मी कदाचित वेगळं खेळले असते, असं म्हटल्यावर तो म्हणाला, 'म्हणून तर नाही सांगितलं.'

आता तुम्ही विचाराल, लोक मेले त्या लढाईचा असा टाइमपास करावा का? मला विचाराल तर करावा, पण डोळे उघडे ठेवून. कारण टेबलाला बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत. उदाहरणार्थ, गाव. सांगशाक ही माणसांची राहती जागा होती, पण नियमांच्या पुस्तकात घर म्हणजे फक्त 'कव्हर', आड घ्यायची सोय. त्यात कुणाची चूल होती का याला गुण नाहीत. तहानेलाही नाहीत. आम्ही तीन तासांत दोन लिटर कोल्ड्रिंक संपवलं.

आणि बाजू कुठली घ्यायची हा तर डोक्याला शॉटच आहे. आमचे हिरवे फासे तांत्रिकदृष्ट्या इंग्रजांचे. त्याच मोहिमेत जपान्यांबरोबर आझाद हिंद सेना होती. सांगशाकनंतर तीन आठवडेही झाले नव्हते, १४ एप्रिल १९४४ ला त्याच मणिपुरात मोइरांगला आझाद हिंदचा तिरंगा फडकला. मग आम्ही देशाच्या बाजूने खेळत होतो की विरुद्ध? मित्र म्हणतो, सैनिक नोकरी करत होते, विषय कट. होस्टचा भाऊ नेताजींचा कट्टर भक्त, त्याने म्हणूनच जपानी घेतले होते. दोघांची अशी जुंपली की पिझ्झा गार झाला. मला दोघांचंही अर्धंच पटलं. सातारा-कोल्हापूरकडून पलटणीत भरती झालेल्या पोराला घरी पैसे पाठवायचे होते, आणि मणिपूरच्या डोंगरावर त्याच्यासमोर प्रश्न इंग्रज की नेताजी असा नसून आज रात्री पाणी मिळेल का असाच असणार. पण म्हणून त्याचं नाव कुठल्याच बाजूच्या पुस्तकात नसावं हे काही बरोबर वाटत नाही. इंग्लंडात २०१३ साली नॅशनल आर्मी म्युझियमने ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती याचा कौल घेतला. वॉटर्लूला मागे टाकून इम्फाळ-कोहिमा पहिलं आलं. तिथे लढलेल्यांत भारतीयांचा भरणा केवढा होता! आणि कौल घ्यायला आपण कुठेच नव्हतो.

सांगशाकने जपान्यांचे जे दिवस खाल्ले ते पुढे कोहिमाला उपयोगी पडले. कोहिमाला वेढा पडला तो ४ एप्रिलला, आणि तोवर तिथे बचावाची थोडीफार तरी जमवाजमव झाली होती.

तुम्हाला ट्राय करायचं असेल तर लगेच महागडी खोकी मागवू नका. कागदाचे सैनिक, दोन रंगांचे फासे आणि एक कापडी पिशवी एवढ्यावर पहिला डाव होतो. चोथा मात्र आजपासून साठवायला लागा.

आमचा पुढचा डाव कोहिमाचा. तिथे डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट होतं, आणि एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, असे दोन्हीकडचे सैनिक खंदकात बसून एकमेकांवर बॉम्ब फेकत होते. होस्टने कोर्ट आमच्या स्केलमध्ये कापून आणलंय. लांबी बेचाळीस सेंटीमीटर. परवा ऑफिसात मोजून बघितलं, माझा कीबोर्ड त्याहून थोडा लांब आहे.