कोंबड्यांचा हिशेब

आपल्या घरांत कोंबडीचा हिशेब कुणी लिहून ठेवीत नाही. अंडी विकून पोरांच्या वह्या येतात, आजाऱ्याच्या गोळ्या येतात, पाहुणा आला तर घरचेच कोंबडे कापता येते. हा पैसा बाईच्या कनवटीला असतो, म्हणून तो कुणाच्या नजरेत भरत नाही. आणि म्हणूनच तो बुडाला तरी कुणी मोजत नाही. "मर आली, गेल्या कोंबड्या" एवढे म्हणून आपण गप्प बसतो. आज आपण तो मोजू.

समजा, घरी दहा गावरान कोंबड्या आहेत आणि मानमोडी आली. यालाच राणीखेत म्हणतात. हिरवट-पांढरी हगवण होते, कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, मान वाकडी होते, पाय लुळे पडतात. चार-पाच दिवसांत आठ कोंबड्या गेल्या. एका कोंबडीचे ४०० रुपये धरले तर ३,२०० रुपये गेले. नवी पिल्ले वाढून अंड्यावर यायला सहा महिने तरी लागतात. तेवढ्या काळात एकेका कोंबडीची तीस अंडी धरली तर २४० अंडी होतात. दहा रुपयांनी ती २,४०० रुपयांची झाली. म्हणजे ५,६०० रुपये बुडाले. मजुरीचे किती दिवस होतात, ते ज्याचे त्याने काढावे.

मेली तेवढीच नुकसानी, असेही नाही. ओल्या तुसावर वाढणाऱ्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. काही मरतात, वाचतात ती खातात, पण अंगी लागत नाही. करारावर शेड चालवणाऱ्या आपल्या भावांना हे ठाऊक आहे. पिल्ले आणि खाद्य कंपनीचे, मोबदला भरलेल्या वजनावर. मर वाढली, वजन घटले की मोबदला घटतो. शेडच्या कर्जाचा हप्ता मात्र घटत नाही.

कधी तर रोग दुसऱ्याच्या दारी आणि फटका आपल्याला बसतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू सापडला. तिथल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या. पण भीतीने लोकांनी चिकन-अंडी खाणेच सोडले आणि दूरदूरच्या शेडवाल्यांचाही भाव कोसळला.

आता उपायाचे बोलू. मानमोडी झाल्यावर औषध नाही. आधीची लस हाच उपाय. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा देतात आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस टोचतात. शंभर मात्रांची कुपी एका गावरान कोंबडीपेक्षा स्वस्तच पडते.

मग आपण ती का आणत नाही? कारण कुपी शंभर कोंबड्यांची आणि आपल्या दारात दहाच. लस कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. उरलेली फुकट जाते. एकटीला हे परवडत नाही. पण वस्तीतल्या दहा बायांनी मिळून एक दिवस ठरवला तर खर्च वाटला जातो आणि थेंबही वाया जात नाही. लस बर्फावर आणावी, निरोगी पक्ष्यांनाच द्यावी आणि वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे.

आणखी एक. मर सुरू झाली की घाईघाईने आजारी कोंबडी बाजारात विकू नये, मेलेली नाल्यात फेकू नये. चुना टाकून खोल पुरावी आणि दवाखान्यात कळवावे. आपण विकलेला रोग दुसऱ्या आयाबाईच्या कनवटीचा पैसा घेऊन जातो.

भगिनींनो, येत्या रविवारी एवढे करा. वस्तीत कुणाकडे किती कोंबड्या आहेत ते पोरांच्या वहीत लिहून काढा. बेरीज शंभराजवळ आली, की कुपी आणायला एकीला पाठवा.