पिकाचू आला, आली की आले?

१/ सानपाड्यातील एका उद्यानात परवा भावंडांचा वाद ऐकला. मोबाइलवर पिकाचू दिसताच भाऊ ओरडला, ‘आला!’ बहिणीने दुरुस्ती केली, ‘आली! शेपटी बघ.’ भांडण पोरांचे, पण त्याच्या मुळाशी मराठीचा फार जुना इतिहास आहे. 🧵

२/ आधी खेळाचा इतिहास. १९९६ च्या पहिल्या पोकेमॉन गेममध्ये नर-मादी असा भेद फक्त निडोरानमध्ये होता. १९९९ च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’पासून तीन वर्ग झाले: नर, मादी आणि लिंगरहित. मॅग्नेमाइट आणि म्यूटू तिसऱ्या वर्गात. पिकाचू नर असण्याची शक्यता निम्मी, मादी असण्याचीही निम्मी. २००६ पासून मादीच्या शेपटीचे टोक बदामाच्या आकाराचे असते. म्हणजे बहीण बरोबर होती.

३/ मग भावाच्या तोंडी ‘आला’ का आले? जपानी नामाला लिंग नसते आणि क्रियापदही त्यापायी बदलत नाही. इंग्रजीत सर्वनामापर्यंत तरी निभावते. मराठीत मात्र ‘आला, आली, आले’ यांतून निवड केल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही.

४/ निवड करताना आपण सवयीने पुल्लिंगाकडे वळतो. १९८० चा पॅक-मॅन नुसता पिवळा गोळा, तरी पुरुष. १९८२ च्या मिस पॅक-मॅनला मात्र बाई ठरण्यासाठी डोक्यावर रिबीन लागली. खूण नसेल तर पुरुष, हा अलिखित नियम.

५/ आपल्या भाषेतही अशी सवय आहे. गाडा मोठा, गाडी लहान. सुरा मोठा, सुरी लहान. म्हणून लढणारा, आडदांड प्राणी ‘तो’ आणि नाजूक दिसणारी ‘ती’, असे मन परस्पर ठरवते.

६/ कुणी म्हणेल, व्याकरणातले लिंग निराळे. नर असली तरी पाल ‘ती’च. मान्य. पण ‘पाल’ शब्दाचे लिंग पूर्वजांनी ठरवून ठेवले आहे. ‘पिकाचू’चे लिंग आपणच ठरवतो आहोत. म्हणून तिथे आपला पूर्वग्रह उघडा पडतो.

७/ आता आपल्या वारशाकडे पाहा. संस्कृतची तीन लिंगे हिंदीत दोनच उरली. मराठी, गुजराती आणि कोकणीने तिन्ही जपली. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, तेव्हा ती नांदत होती आणि आजही नांदतात. पिकाचू मात्र आपल्यापैकी अनेकांना भेटला तो हिंदीतून, जिथे ‘ते’ची सोयच नाही. (पाहा, मीही ‘भेटला’च लिहिले!)

८/ नपुंसकलिंग म्हणजे निर्जीवपणा नव्हे. पाखरू, वासरू, कोकरू, पिल्लू, लेकरू: मराठीने जिव्हाळ्याच्या लहान जिवांना हेच लिंग दिले. ‘पिकाचू’ही ऊकारान्तच! मंदिराच्या उंबऱ्यावरचे कीर्तिमुख आठवा. ‘मुख’ शब्दामुळे ते ‘ते’ झाले आणि त्या अक्राळविक्राळ चेहऱ्याला ‘तू नर की मादी?’ असे कुणी विचारत नाही.

९/ माझे मत साधे आहे. शेपटी दिसली, तर शेपटीचे ऐकावे. काहीच ठाऊक नसेल, तर ‘ते’ म्हणावे. म्यूटूला तर नक्कीच. शतकानुशतके जपलेले तिसरे दालन हाताशी असताना उसन्या ‘तो’त सगळे जग कोंबायचे कशाला?

१०/ तुमच्या आवडत्या गेममधल्या प्राण्याला तुम्ही काय म्हणता: तो, ती की ते? आणि का? खाली लिहा.