जनुक खुले झाले, तपासणी कधी?

बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही माणसाच्या शरीरातील पहारेकरी जनुके. पेशीतील तुटलेला डीएनए दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यांत जन्मजात बिघाड असला की स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. अमेरिकेतील मिरियड जेनेटिक्स या कंपनीने या जनुकांवरच पेटंट घेऊन ठेवले होते! तपासणी तिच्याकडेच करायची आणि तीन हजारांहून अधिक डॉलर मोजायचे. 13 जून 2013 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. निसर्गाने घडवलेले जनुक नुसते वेगळे काढले म्हणून ते कोणाची मालमत्ता होत नाही, असा तो निकाल. (पाणवठ्यावर मालकी सांगणारे आम्हाला नवे नाहीत.)

पण आमच्या वस्तीतील बाईला त्याचा लाभ काय? ओलापॅरिबसारखे औषध अशा कर्कपेशींचा दुरुस्तीचा उरलेला मार्ग बंद करून त्यांना मारते. मात्र बिघाड तपासल्याशिवाय ते कोणाला लागू पडेल हे कळत नाही. शिवाय एकीचा बिघाड कळला तर तिच्या बहिणी, मुली वेळीच सावध होतात. तपासणी नाही, तर घरातल्या तिघी-चौघी अंधारात.

रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराच्या खटल्यात 1996 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा कलम 21 चा भंग ठरवला. पैसा नाही, ही सबब चालणार नाही, असेही बजावले. कर्करोगाच्या रुग्णालाही तोच न्याय लागू होतो, असे आमचे मत आहे. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी मोफत करा, अशी निवेदने प्रत्येक तालुक्यातून गेली पाहिजेत.